स्लॅबवरचे ऊन आणि घराचा हिशेब

मे महिन्यातील एखादी रात्र आठवून पाहा. सूर्य मावळून तीन तास झाले आहेत, अंगणात वारा सुटला आहे, झाडाखाली बाज टाकून पडलेल्या माणसाला झोपही लागली आहे. पण घरात, स्लॅबखालच्या खोलीत पाऊल टाकले की भट्टीजवळ आल्यासारखे वाटते. पंखा पूर्ण वेगाने फिरतो आहे, पण तो गरम हवाच ढवळतो आहे. पलंगावर उभे राहून छताच्या जवळ तळहात नेला, तर न टेकवताही उष्णता जाणवते. ऊन तर केव्हाच गेले. मग ही उष्णता आली कोठून?

हा प्रश्न वर्गात मी दरवर्षी विचारतो. गेल्या उन्हाळ्यात मात्र तो मलाच विचारला गेला. आमचा एक माजी विद्यार्थी अकोल्याला घर बांधत होता. तो दोन अंदाजपत्रके घेऊन आला. एक नेहमीचे होते : विटांच्या भिंती, सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. दुसऱ्यात भिंतींना हलक्या काँक्रीटचे ठोकळे आणि स्लॅबवर उष्णतारोधक थर होता. खर्च अर्थातच जास्त. "सर, ठेकेदार म्हणतो विजेचे बिल निम्मे होईल. भाऊ म्हणतो, हे पैसे पाण्यात जातील. आईची खोली अगदी स्लॅबखाली आहे. खरे काय ते तुम्ही सांगा," असे तो म्हणाला. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवशी केलेला हिशेबच येथे देत आहे, कारण त्यात दहावीच्या पलीकडचे गणित मुळीच नाही.

स्लॅब म्हणजे उष्णतेची पेटी

प्रथम रात्रीच्या उष्णतेचे कोडे सोडवू. समजा खोलीचे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर आहे आणि स्लॅबची जाडी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे पाच इंच. काँक्रीटची घनता घनमीटरला सुमारे २४०० किलोग्रॅम असते. गुणाकार केला तर या एका खोलीवरच्या स्लॅबचे वजन साडेचार टन भरते! काँक्रीटची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८८ किलोज्यूल आहे. म्हणजे एवढा स्लॅब ८ अंश सेल्सिअसने थंड होताना जवळजवळ ३२,००० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतो. ही उष्णता सुमारे ९ युनिट विजेइतकी झाली. १००० वॅटची शेगडी नऊ तास चालू ठेवावी, तसे हे आहे. या उष्णतेचा काही भाग वर आकाशाकडे जातो, पण काही भाग खाली आपल्याकडेच येतो.

दिवसभर तापलेल्या वरच्या पृष्ठभागाकडून खालच्या पृष्ठभागापर्यंत उष्णतेची लाट पोचायला काही तास लागतात. म्हणून छताची खालची बाजू दुपारी नव्हे, तर संध्याकाळी व रात्री सर्वांत तापलेली असते. तापलेले छत प्रारणाने आपल्या शरीराकडे सरळ उष्णता पाठवते. पंख्याला हवा हलवता येते. प्रारण अडवता येत नाही.

उष्णतेची वाट अडवणारे आकडे

एखाद्या पदार्थातून उष्णता किती सहज वाहते, हे त्याच्या उष्णतावाहकतेवरून कळते. एक मीटर जाडीच्या थराच्या दोन्ही बाजूंच्या तापमानांत १ अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला जितके ज्यूल उष्णता जाते, तो हा आकडा. ज्यूल प्रतिसेकंद म्हणजेच वॅट. घरबांधणीतील काही पदार्थांची वाहकता साधारणपणे अशी आहे :

सळई घातलेले काँक्रीट : १.५८
भाजलेली वीट : ०.८१
हलक्या काँक्रीटचा ठोकळा : ०.१८
थर्मोकोल : ०.०३५

काँक्रीट आणि थर्मोकोल यांच्या आकड्यांत ४५ पटींचा फरक आहे. दुसऱ्या शब्दांत, ५ सेंटिमीटर थर्मोकोल जेवढी उष्णता अडवते तेवढी अडवण्यासाठी सव्वादोन मीटर जाडीचे काँक्रीट ओतावे लागेल! या किमयेत पदार्थाचा वाटा फार थोडा आहे. खरी करामत त्यात कोंडलेल्या हवेची आहे. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक असते. स्वेटर, गोधडी आणि थर्मोकोल ही एकाच तत्त्वाची तीन रूपे होत.

हेच तत्त्व काँक्रीटला लावले तर? १९२० च्या दशकात स्वीडनमधील वास्तुशास्त्रज्ञ योहान अॅक्सेल एरिकसन यांनी ते करून दाखवले. बारीक वाळू किंवा औष्णिक वीजकेंद्रातील राख, चुना, सिमेंट आणि पाणी यांच्या लगद्यात चिमूटभर अॅल्युमिनियमची भुकटी टाकतात. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्याशी अॅल्युमिनियमची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि लगदा इडलीच्या पिठासारखा फुगतो. मग त्याचे ठोकळे कापून ते मोठ्या बंद टाकीत, दाबाखालील वाफेत सुमारे १८० ते १९० अंशांवर शिजवतात. हायड्रोजन निघून जातो, त्याच्या जागी हवा येते आणि लाखो बुडबुड्यांचा दगड तयार होतो. त्याची घनता साध्या काँक्रीटच्या चौथाईच्या आसपास असते. आपल्याकडे बांधकामावरची मंडळी त्याला 'सिपोरेक्स' म्हणतात. ते खरे एका उत्पादनाचे नाव, पण आता साऱ्या जातीलाच चिकटले आहे.

थंड देशांत याहून पुढची एक रीत आहे. थर्मोकोलचे पोकळ ठोकळे लहान मुलांच्या खेळण्यासारखे एकमेकांवर रचायचे आणि पोकळीत सळया घालून काँक्रीट ओतायचे. साचा काढायचाच नाही. तोच भिंतीचा आतला व बाहेरचा उष्णतारोधक थर होतो. १९६० च्या दशकात कॅनडातील वर्नर ग्रेगोरी यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. कॅनडात हिवाळ्यात घरात २० अंश आणि बाहेर उणे १० अंश तापमान असते. म्हणजे फरक ३० अंशांचा, आणि घर तापवण्याचे काम रात्रंदिवस, महिनोन्महिने चालू. तेथे असली भिंत आपली किंमत लवकर वसूल करते. पण तिकडचे बचतीचे आकडे जसेच्या तसे आपल्या माहितीपत्रकांत छापले, तर ती फसगत होईल. बचत ही तापमानातील फरक आणि तो टिकून राहण्याचा काळ यांच्या गुणाकारावर ठरते. आपला फरक वेगळा, काळ वेगळा. म्हणून हिशेबही आपला आपणच मांडला पाहिजे.

छताचे 'यू'

घराच्या छतात एकामागून एक अनेक थर असतात. प्रत्येक थराची जाडी (मीटरमध्ये) भागिले त्याची वाहकता, हा त्या थराचा उष्णतारोध. विजेच्या मंडलात एकसर जोडलेल्या रोधांची जशी बेरीज करतो, तशीच येथेही करायची. छताला वर व खाली चिकटलेल्या हवेच्या पातळ थरांचाही रोध मिळवायचा.

आमच्या विद्यार्थ्याच्या नेहमीच्या छताची बेरीज अशी झाली : वरची हवा ०.०४, १० सेंटिमीटर कोबा ०.१२५, स्लॅब ०.०७९, खालचा गिलावा ०.०१७, खोलीकडची हवा ०.१७. एकूण ०.४३. १ ला या बेरजेने भागले की २.३ येतात. हे छताचे 'यू-मूल्य'. एक अंश फरकाला एका चौरस मीटरमधून २.३ वॅट उष्णता आत येते, असा त्याचा अर्थ. भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी २०१८ साली जी संहिता प्रसिद्ध केली, तिच्यात छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त असू नये असे म्हटले आहे. आपले नेहमीचे छत या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे.

आता कोबा व स्लॅब यांच्यामध्ये थर्मोकोल घालत जाऊ :

थर नाही : यू २.३
२.५ सेंटिमीटर : यू ०.८७
५ सेंटिमीटर : यू ०.५४
१० सेंटिमीटर : यू ०.३०

या आकड्यांकडे नीट पाहा. पहिल्या अडीच सेंटिमीटरने यू-मूल्य १.४३ ने उतरले. पुढच्या अडीचने फक्त ०.३३ ने. त्यापुढच्या पूर्ण पाच सेंटिमीटरने तर अवघे ०.२४ ने. पहिली गोधडी थंडी पळवते. पाचवीने फारसे काही होत नाही. पैसा कोठे थांबवायचा, हे या एका कोष्टकात दडलेले आहे.

रुपयांचा हिशेब

आता पैशांकडे वळू. पुढील दर हे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर घालून तुम्ही तो पुन्हा करावा.

खोलीत वातानुकूलन यंत्र आहे, ते २६ अंशांवर ठेवले आहे आणि उन्हाळ्याचे १०० दिवस रोज १० तास चालते, असे समजू. या काळात अकोल्याच्या हवेचे दिवस-रात्रीचे सरासरी तापमान ३३ अंश धरू. त्यावर सूर्याची भर पडते. काळपट गच्ची उन्हाचा बराच भाग शोषते. त्यामुळे चोवीस तासांची सरासरी काढली तरी गच्चीपुरते जणू बाहेरचे तापमान ५ अंशांनी वाढते. म्हणजे ३८ आणि २६ यांतील फरक १२ अंश.

साध्या छतातून येणारी उष्णता : २.३ × १५ × १२ = ४१४ वॅट.
५ सेंटिमीटर थर घातल्यावर : ०.५४ × १५ × १२ = ९७ वॅट.

वाचली ३१७ वॅट उष्णता. पण थांबा! ३१७ वॅट उष्णता वाचली म्हणजे ३१७ वॅट वीज वाचली, असे नाही. वातानुकूलन यंत्र उष्णता निर्माण करत नाही, ती आतून बाहेर वाहून नेते. एका वॅट विजेत ते सुमारे ३ वॅट उष्णता हलवते. म्हणून वीज वाचली सुमारे १०६ वॅट. दहा तासांत जेमतेम १ युनिट. उन्हाळ्याभरात सुमारे १०६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला सुमारे १०६० रुपये.

या थराचा खर्च चौरस मीटरला ८०० रुपये धरला तर खोलीला १२,००० रुपये. भागाकार केला तर तो वसूल व्हायला अकरा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. अडीच सेंटिमीटरचा थर, खर्च चौरस मीटरला ५०० रुपये धरून, ७,५०० रुपयांचा. त्याची वार्षिक बचत सुमारे ८६० रुपये. तो नऊ वर्षांच्या आत वसूल होतो. पातळ थर येथे सरस ठरला, तो वरच्या कोष्टकामुळेच.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. हेच ७,५०० रुपये बँकेत ७ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाला ५२५ रुपये मिळतील. बचत त्याहून जास्त असेल तरच थर पैशाच्या दृष्टीने फायद्याचा. ८६० हे ५२५ हून जास्त आहेत, आणि विजेचे दर वाढले तर बचतही वाढेल. तेव्हा भावाचे 'पैसे पाण्यात' हे म्हणणे चूक, पण ठेकेदाराचे 'बिल निम्मे' हेही अतिशयोक्तच.

चुन्याचा हात आणि खिडकीवरचा छज्जा

हिशेब येथवर आल्यावर मी विद्यार्थ्याला विचारले, "गच्चीला पांढरा रंग दिलास तर?" पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन परत फेकतो. आपल्या गणितात सूर्याने घातलेली ५ अंशांची भर त्यामुळे जवळजवळ नाहीशी होते आणि फरक १२ वरून ७ अंशांवर येतो. उष्णता ४१४ वरून सुमारे २४२ वॅटवर उतरते. वर्षाची बचत ५७० रुपये. खर्च? दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचे दोन हात. समजा ३०० रुपये. वसुलीसाठी वर्षभरही थांबायला नको! २०१० सालच्या उष्णतेच्या लाटेने होरपळलेल्या अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम हाती घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. त्यांमागचे शास्त्र हेच.

अर्थात चुन्यालाही मर्यादा आहेत. पावसाने तो धुऊन जातो, धुळीने मळतो. आणि एक मौज पाहा : गच्ची पांढरी केल्यावर फरकच कमी झाल्यामुळे उष्णतारोधक थराची बचतही उतरते. अडीच सेंटिमीटर थराला ८६० ऐवजी सुमारे ५०० रुपयेच मिळतात. म्हणजे बँकेच्या व्याजाच्या आसपास. दोन उपायांच्या बचतींची सरळ बेरीज करता येत नाही, हे माहितीपत्रके क्वचितच सांगतात.

खिडकीचेही असेच. पश्चिमेच्या दीड चौरस मीटर काचेवर दुपारी चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडले आणि त्यातील ८० टक्के आत आले तर ६०० वॅट उष्णता होते. सबंध छतातून सरासरीने येते त्याहून जास्त! तेव्हा भिंती-छतावर पैसे ओतून खिडकीवर छज्जा, चटई किंवा झाडाची सावली न करणे म्हणजे बुडाला भोक असलेल्या घागरीला कल्हई करणे.

भिंतींचा हिशेब थोडक्यात सांगतो. नऊ इंची विटांच्या भिंतीचे यू-मूल्य २ च्या जवळ, २० सेंटिमीटर हलक्या ठोकळ्यांचे ०.७५ च्या जवळ. पश्चिमेच्या १० चौरस मीटर भिंतीवर ८ अंश फरक धरला तर १०० वॅट उष्णता अडते आणि वर्षाला ३०० रुपयांच्या आसपास वाचतात. रक्कम लहान, पण अनेक ठिकाणी हे ठोकळे विटांच्या भिंतीहून फारसे महाग पडत नाहीत. तेथे ते अवश्य घ्यावेत. ते हलके असल्याने इमारतीच्या सांगाड्यावरचा भारही उतरतो. मात्र ते पाणी शोषतात, त्यांना बाहेरून चांगला गिलावा हवा, आणि साधा खिळा त्यांत टिकत नाही. याउलट, आज शहरांतील पुष्कळ उंच इमारतींच्या भिंती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, सुमारे १५ सेंटिमीटर काँक्रीटच्या असतात. त्यांचे यू-मूल्य ३.५ च्याही वर जाते. बांधायला त्या झटपट, पण त्यांतील उष्णतेचे भाडे राहणाऱ्याला वर्षानुवर्षे भरावे लागते.

बिलात न दिसणाऱ्या रकमा

मग थर घालावा की नाही? केवळ विजेच्या बिलावरून उत्तर काठावर येते. पण घराचा हिशेब बिलापाशी संपत नाही.

पहिली गोष्ट स्लॅबच्या आयुष्याची. काँक्रीटचा प्रसरणांक अंशाला सुमारे एक लाखांश आहे. १० मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात ४० अंशांचा चढउतार झाला तर त्याची लांबी ४ मिलिमीटरने बदलते. वर्षानुवर्षे, रोजच्या रोज असे ताणणे-आवळणे चालू राहिले की बारीक भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरते, सळई गंजते. गळके छत दुरुस्त करणे हा किती मोठा खर्च आहे, हे मोठ्या माणसांना विचारा. थर स्लॅबच्या वरच्या बाजूस घातला तर स्लॅब सावलीत राहतो आणि हा चढउतार बराच कमी होतो. छताखाली पत्र्याचे वा जिप्समचे आच्छादन लावून हा लाभ मिळत नाही. मात्र थर्मोकोल जळते आणि उन्हाने खराब होते. त्यावर कोबा व फरशी हवीच.

दुसरी गोष्ट वेळेची. वातानुकूलन यंत्र दहा-बारा वर्षांत बदलते, स्लॅब पन्नास वर्षे राहतो. कोबा घालताना थर टाकणे सोपे. नंतर कोबा फोडून टाकणे महाग. ही संधी घराच्या आयुष्यात एकदाच येते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या घरात वातानुकूलन नाही, किंवा वीजच गेली आहे, तेथे वाचलेले युनिट शून्य. पण लाभ मात्र सर्वांत जास्त. १२ अंश फरक असता साध्या छताचा खालचा पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा ४.७ अंशांनी गरम राहतो, थर घातलेल्या छताचा केवळ १.१ अंशाने. म्हाताऱ्या माणसाला, तान्ह्या बाळाला रात्री शरीर निववायला मिळणे हे उष्णतेच्या लाटेत जिवाच्या मोलाचे असते. त्याचे रुपये कसे करणार?

मराठवाड्यातील जुन्या माळवदांवर मातीचा जाड थर असे. आत दुपारीही गारवा. पण त्या मातीच्या व दगडाच्या भाराखाली ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गाडली गेली. मातीऐवजी कोंडलेली हवा वापरून तोच गारवा हलक्या छताला देता येतो, ही विज्ञानाने केलेली सोय आहे.

आमच्या विद्यार्थ्याने शेवटी ठरवले ते असे : पश्चिमेच्या खिडक्यांना रुंद छज्जे, भिंतींना हलके ठोकळे, स्लॅबवर पाचऐवजी अडीच सेंटिमीटर थर आणि त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची गच्ची, म्हणजे दरवर्षीचा चुना नको. दुसऱ्या अंदाजपत्रकातला वाढीव खर्च बराच खाली आला. थर मात्र त्याने आईच्या खोलीवरून काढला नाही, आणि मीही तसे सुचवले नाही.

तुम्ही करून पाहा

बुटांची सारखी चार रिकामी खोकी घ्या. प्रत्येकाच्या तोंडावर सारख्या मापाची शहाबादी फरशी ठेवा. पहिली तशीच ठेवा. दुसरीला चुना लावा. तिसरीवर थर्मोकोलचा तुकडा ठेवून वर दुसरी फरशी ठेवा. चौथीवर फक्त दुसरी फरशी ठेवा, थर्मोकोल नको. प्रत्येक खोक्यात बाजूच्या भोकातून तापमापक घाला आणि खोकी उन्हात मांडा. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत दर तासाला तापमान नोंदवून चारही आलेख एकाच कागदावर काढा. कोणता आलेख सर्वांत उंच जातो? कोणता उशिरा शिखरावर पोचतो? तिसऱ्या व चौथ्या खोक्यांची तुलना केल्याशिवाय थर्मोकोलचे श्रेय थर्मोकोललाच का देता येत नाही? शिक्षकांनी या शेवटच्या प्रश्नावर वर्गात अवश्य चर्चा घ्यावी. मग आपल्या घराच्या स्लॅबची लांबी-रुंदी मोजून वरचा हिशेब आपल्या वहीत उतरवा, आणि घरातील मोठ्यांना दाखवा.